जमीन माझी, घर निम्मं

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कास्त्रो शहरात मध्यस्थ बाईंसमोर घटस्फोटाची बैठक. एकूण विजय माझाच.

मुद्दा एक. मी ठणकावून सांगितलं की जमीन माझ्या बापाची, त्याच्या बापाची. ती मधे आणायची नाही. घर लग्नानंतर बांधलं, ते निम्मं बायकोचं, नोल्फाचं, मान्य. तर व्हॅल्युएशन घराचं तेवढं करा, खालची जमीन वगळून. मध्यस्थ बाईंनी दोनदा विचारलं, रोसामेल, नुसतं घर? मी म्हटलं, बाई, नुसतं घर. नोल्फाने लगेच मान डोलावली. तिच्याकडे मुद्देच नव्हते.

मुद्दा दोन. व्हॅल्युअर सांगेल ती किंमत दोघांना बंधनकारक. नंतर रडारड नाही. हा क्लॉजही माझाच.

मुद्दा तीन म्हणजे माझा मास्टरस्ट्रोक. मी मोठ्या मनाने जाहीर केलं की त्या किमतीला दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा पहिला हक्क नोल्फाचा. तिला नको असेल तरच मी घेईन. मध्यस्थ बाई माझ्याकडे आदराने बघायला लागल्या. माझा वकील कानाशी लागून म्हणाला, अहो बार्रिया, हे कशाला? त्याला बाहेर पॅसेजमध्ये नीट समजावलं. घर माझ्या जमिनीवर उभं आहे. ती विकत घेऊन करणार काय, डोक्यावर घेऊन जाणार? वकील हसला. वकिलाला फुकटात हसवणारा मी या बेटावरचा पहिला माणूस असेन.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून खरं ते लिहितो. नोल्फा चौदा महिन्यांपूर्वी खाडीपलीकडे आईकडे गेली ती रागाच्या भरात. सव्वीस वर्षांचा संसार असा कोणी टाकून जात नाही. तिला माझ्यापेक्षा घर जास्त आवडतं, हे मला माहीत आहे आणि मी त्यात कमीपणा मानत नाही. म्हणून प्लॅन साधा आहे. किंमत पाडायची, घर स्वस्तात माझ्या नावावर करायचं. मग नोल्फा घराच्या मागोमाग येईलच. कुठे जाणार?

संकल्प: व्हॅल्युअर येईपर्यंत घर शक्य तितकं भिकार करणे.


५ नोव्हेंबर, रविवार

छपरावर चढलो. चाळीस लाकडी कौलं काढायचा बेत होता. नऊ काढली. पाठ धरली. कौलं बटाट्याच्या कोठारात नीट रचून ठेवली, कारण मी काही नासधूस करणारा माणूस नाही.

दुपारी पाऊस. काढलेली नऊ कौलं बरोबर माझ्या पलंगावरची होती, हे वरून लक्षात आलं नव्हतं.

पलंग सरकवला.


६ नोव्हेंबर, सोमवार

पाऊस तिरका आहे. पलंग परत सरकवला.


९ नोव्हेंबर, गुरुवार

आज डोकं लढवलं. चिमणीत बटाट्याचं रिकामं पोतं कोंबलं. चूल पेटवून ट्रायल घेतली. स्वयंपाकघरात इतका धूर झाला की मला माझी बायको दिसेना. मग आठवलं की ती इथे राहतच नाही.

ट्रायल यशस्वी. आता पोतं काढून ठेवू आणि व्हॅल्युअर आला की परत घालू, म्हणून गळाच्या काठीने ओढायला गेलो. ते आणखी खाली गेलं. मग बांबूने. आणखी खाली. असू दे. चार दिवसांचा प्रश्न आहे.


१४ नोव्हेंबर, मंगळवार

वादळामुळे बंदर बंद, व्हॅल्युअर शुक्रवारी येणार. बंदर बंद झालं की मलाही सुट्टी असते. मी फेरीबोटीवर गाड्या चढवतो. लाल झेंडा, हिरवा झेंडा आणि माझे दोन हात, एवढ्या भांडवलावर बावीस वर्षांत एकही ट्रक पाण्यात गेलेला नाही. (एक व्हॅन. पण तिचे ब्रेक खराब होते.)

शेजारची त्रांसितो मावशी वाटेत भेटली. नाक वर करून म्हणाली, काय रे, तुला टांगलं होतं की काय धुरीला, वाळवलेल्या शिंपल्यासारखा वास मारतोयस. मी म्हटलं, मावशी, हा स्ट्रॅटेजीचा भाग आहे. ती म्हणाली, मग स्ट्रॅटेजीला साबण लाव.


१७ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्री ९

व्हॅल्युअर येऊन गेला. म्हणजे गेली. येसेनिया ओयार्सुन नावाची पोरगी, जेमतेम तिशीची, डोक्यावर हेल्मेट, हातात हातोडी. मला वाटलं हिला गुंडाळायला अर्धा तास पुरे.

माझी कामगिरी क्रमाने. चूल पेटवून ठेवली होती, दोघंही खोकलो. आठ बदकं आतल्या खोलीत सोडली होती, त्यांनी अपेक्षेपेक्षा चांगलं काम केलं. मी सांगितलं, दरवाजे फुगतात, जमीन कुजली आहे, वासे खचले आहेत. आवाज खाली आणून हेही सांगितलं की या घरावर चेटक्यांची नजर आहे आणि अमावस्येला माळ्यावर कोणीतरी बूट घालून चालतं. तिने विचारलं, किती नंबरचे बूट? मी म्हटलं, बेचाळीस. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

मग एक विचित्र प्रकार. बाई भिंती, खिडक्या सोडून घराच्या खाली शिरली. आमची घरं खांबांवर असतात, खाली कोंबड्या बसण्याइतकी जागा. तिथे पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून एकेक तुळई ठोकत बसली. तिथूनच गप्पा. घर कोणी बांधलं? मी म्हटलं, मी. (तपशील: सासरे आणि मेहुणे ठोकत होते, मी सुपरव्हिजन केलं.) मग विचारते, इकडे शेवटची मिंगा कधी झाली? मी म्हटलं, अकरा वर्षं झाली, याच त्रांसितो मावशीचं घर टेकडीवरून खाली ओढत आणलं होतं, अठ्ठावीस बैल, अख्खं गाव, दिवसभर खाणंपिणं. तिने विचारलं, तुम्हीही ओढलंत? मी म्हटलं, नाही, त्या दिवशी माझी पाठ. त्याआधीच्या मिंगालाही पाठच होती. माझ्या पाठीला मिंगाचा दिवस बरोबर कळतो.

मुलगी गप्पिष्ट आहे. कामात लक्ष कमी.

निघताना म्हणाली, काका, कोठारातली नऊ कौलं परत लावून टाका, भिजताय कशाला. मी हसून वेळ मारून नेली.


१ डिसेंबर, शुक्रवार

रिपोर्ट आला!!

जमीन वगळून घराची किंमत अठरा लाख पेसो. अठरा! नोल्फा सव्वा कोटीची स्वप्नं बघत होती. आमच्या फेरीच्या कॅप्टनच्या बोटीचं इंजिनसुद्धा याहून महाग आहे. नऊ कौलं, एक पोतं, आठ बदकं. शिकल्यासवरल्या इंजिनिअरला मी घरबसल्या फिरवलं.

रिपोर्ट सात पानी आहे. आकडा पहिल्याच पानावर असल्यामुळे पुढची वाचली नाहीत. बाकी सगळं टेक्निकल.


५ डिसेंबर, मंगळवार

फेरीवर प्रत्येक ड्रायव्हरला बातमी सांगितली. सगळे खूश झाले. माणसं माझ्या बाजूची आहेत.

त्रांसितो मावशीला तपशीलवार सांगितलं. जमीन कशी वेगळी काढली, पहिला हक्क कसा तिच्या गळ्यात मारला, किंमत कशी पाडली. मावशी नळीने मातेचा कडू चहा ओढत होती, नळी तोंडातून काढली. मग म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी म्हटलं, मावशी, माझ्याकडे बैलच नाही. ती म्हणाली, तेच तर.

म्हातारीचं डोकं आता चालत नाही.

संकल्प: पोतं काढणे. कौलं लावणे. बदकांना बाहेर काढणे (दोन अजून माळ्यावर आहेत).


१२ डिसेंबर, मंगळवार

अकल्पित. नोल्फाने पहिला हक्क वापरला. नऊ लाख माझ्या खात्यात जमा केले आणि घर तिच्या नावावर झालं.

दुपारी थोडा वेळ कोठाराच्या पायरीवर बसून राहिलो. पण मग विचार करता करता लख्ख प्रकाश पडला. बाई घर विकत घेते ती कशाला? राहायला. आणि घर कुठे आहे? माझ्या जमिनीवर. म्हणजे नोल्फा परत येते आहे! थेट तोंडाने सांगणं तिच्या स्वभावात नाही, तिच्या माहेरच्या, मान्सिया घराण्यातल्या सगळ्याच बायका मानी. म्हणून तिने वकिलामार्फत सांगितलं. माझ्या प्लॅनपेक्षा हे बरंच झालं, वर नऊ लाख मिळाले.

तिच्या वकिलाच्या पत्रात टायपिंगची चूक आहे. त्यात लिहिलंय, २८ फेब्रुवारीपर्यंत श्री. बार्रिया यांची जमीन मोकळी करून देण्यात येईल. जमीन कशी मोकळी होणार? मी पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवलं.


२६ डिसेंबर, मंगळवार

नोल्फाच्या आईकडे दोन डुकरं बांधली आहेत. फेरीवरून दिसतात. एवढी चारतायत की त्यांना वळता येत नाही. एका कुटुंबाला दोन डुकरं? कोणतातरी मोठा समारंभ ठरतो आहे. मी कोणाला विचारलं नाही. सरप्राइज असेल तर मोडू नये.


४ जानेवारी, गुरुवार

मेहुणा आवेलिनो येऊन गेला. सोळा महिन्यांत पहिल्यांदा. दाजी, जरा घराखाली जाऊ का, म्हणाला. टेप लावून सगळं मोजलं. दुपारी भावांना घेऊन परत आला आणि दोन प्रचंड ओंडके अंगणात आणून टाकले, घराच्या लांबीइतके, खालून तासलेले, पुढून होडीच्या नाळेसारखे वर वळवलेले. म्हणाला, राहू दे इथे, दाजी, महिनाभर. मी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, घरासाठी. आणि पटकन दुसरीकडे बघायला लागला.

मला समजलं. व्हरांडा! नोल्फाला समुद्राकडे तोंड करून बसायला जागा हवी होती. आमचं स्वयंपाकघर टेकडीकडे उघडतं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मी तिला शब्द दिला होता की समुद्राच्या बाजूची भिंत फोडून खिडकी काढून देतो. ती योजना अजून चालू आहे. भिंतीवर पेन्सिलीने चौकोन आखलेला आहे, मीच आखलाय, एकदम सरळ.

तिने घरासाठी लाकूड पाठवलं. रात्री बराच वेळ झोप आली नाही. धुराने नव्हे.


१३ जानेवारी, शनिवार

गावात नोल्फा घरोघर फिरते आहे असं कळलं. प्रत्येक दारात उभी राहून सांगते, दहा फेब्रुवारीला या, मला तुमची गरज आहे. सगळे म्हणतात, येतो. आमंत्रणं! माझ्या दारात आली नाही, पण नवऱ्याला कोणी आमंत्रण देतं का?

फेरीवर जो तो मला विचारतो, रोसामेल, दहा तारखेला भरती किती वाजता? आता भरतीचं माझ्याइतकं कोणाला कळतं? मी सांगतो, दुपारी तीनला पूर्ण भरती, पाणी किनाऱ्याच्या दगडापर्यंत. ऐकून सगळे माना हलवतात आणि हसतात. लोकांमध्ये असा आपलेपणा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

संकल्प: नवा शर्ट. केस कापणे. पोतं.


१९ जानेवारी, शुक्रवार

कौलं लावायला घेतली. तीन लावली. पाठ.


२७ जानेवारी, शनिवार

नोल्फा आली!!!

बारीक झाली आहे. केसांना रंग लावलेला नाही, चांगली दिसते. दारात उभी राहून नाक मुरडलं, म्हणाली, हा धूर कसला? मी म्हटलं, हवामान. ती आत आली, भिंतीवरून हात फिरवत सगळ्या खोल्या फिरली. माळ्यावरच्या बदकांना खाली उतरवलं. मी दोन महिने प्रयत्न करत होतो, तिने नुसतं च्‌ च्‌ केलं.

मग स्वयंपाकघरात त्या पेन्सिलीच्या चौकोनासमोर उभी राहिली. मी म्हटलं, मार्चमध्ये नक्की. ती म्हणाली, राहू दे रोसामेल, त्याची सोय झालीये. हे इतक्या मऊ आवाजात म्हणाली की मला तोंड फिरवून खोकावं लागलं. (यात थोडा धूरही.)

जाताना सूचना दिल्या. कपबश्या गवतात गुंडाळून पेट्यांत भर. आरसा उतरव. आठ तारखेपासून चूल पेटवायची नाही. आणि तुझं स्वतःचं सामान वेगळं काढून कोठारात ठेव. मी सगळ्याला हो म्हटलं. समारंभाआधी घर धुऊन पुसून काढायची तिची सवय मला माहीत आहे. गृहप्रवेशाआधीही तिने मला असंच बाहेर काढलं होतं.

दारात थांबून म्हणाली, तुला कोणी काही सांगितलं नाही का रे? मी डोळा मिचकावून म्हटलं, मला सगळं माहीत आहे. ती म्हणाली, मग तू हे फार चांगलं घेतलंस. मला वाटलं होतं तू भांडशील.

मी का भांडेन?


८ फेब्रुवारी, गुरुवार

कपबश्या: चार गुंडाळल्या. आरसा: उद्या.

नवा शर्ट गळ्यात घट्ट होतो आहे. श्वास कमी घेतला की बसतो.


९ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७

बैल यायला लागले आहेत. खालच्या कुरणात चौदा जोड्या मोजल्या. आवेलिनोच्या चार, बाकी कुठून कुठून, दोन जोड्या तर माझ्याच फेरीवरून उतरल्या, मीच झेंडा दाखवला. एवढे बैल एका समारंभाला? पण मी प्रश्न विचारत बसणाऱ्यातला नाही.

आवेलिनो आणि भाऊ दुपारपासून घराखाली ठोकाठोक करत आहेत. ओंडके आत सरकवले. व्हरांडा खालून सुरू करतात हे मला नवीन होतं. मला म्हणाले, दाजी, आज रात्री कोठारात झोपा. मी म्हटलं, छे, उद्याच्या दिवशी घराचा मालक घरातच हवा. भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. आवेलिनो म्हणाला, मर्जी तुमची, पण सहाला उठा.

साडेसहाचा गजर लावला.


१० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ६.४०. दाढी करत होतो. भूकंप.

६.४१. भूकंप नव्हे. भूकंपात माणसं एका सुरात ओरडत नाहीत.

६.४२. आरसा फुटला. गाल कापला.

६.४५. खिडकीतून टेकडी डावीकडे चालली आहे.

६.५०. आवेलिनो खिडकीत. दाजी, दाजी, थांबवलंय, उतरा आता. दाराबाहेर पायरी नव्हती. पायरी मागे राहिली होती. उडी मारली.

अंगणात दीडदोनशे माणसं. घराखाली दोन ओंडके, ओंडक्यांना दोर, दोरांना अठ्ठावीस बैल. माझ्या अंगावर अर्धा साबण आणि घट्ट शर्ट. मी विचारलं, हे काय आहे? जो तो बैलांकडे वळला. शेवटी त्रांसितो मावशी म्हणाली, मिंगा आहे रे बाबा. घर पलीकडे चाललंय, नोल्फाच्या आईच्या जागेत. मी म्हटलं, कोणाला विचारून? ती म्हणाली, तूच तर म्हणालास, जमीन वेगळी, घर वेगळं. तेव्हाच आम्हाला कळलं की तू तिला घर सोडायला तयार आहेस. गावाला तर बरं वाटलं, रोसामेलने पहिल्यांदा कोणासाठी काही केलं म्हणून.

मी आवेलिनोला सांगितलं की घर कुजलेलं आहे, मधेच मोडेल, कोर्टाचा रिपोर्ट आहे माझ्याकडे. तो म्हणाला, दाजी, पान चार वाचा. कोठारात जाऊन वाचलं. सांगाडा सायप्रसचा, उत्तम. छपराची कौलं मालकाने नुकतीच काढून कोठारात रचलेली. चिमणी, मालकाच्या म्हणण्यानुसार, धूर ओढत नाही. जमिनीशिवाय विक्री असल्यामुळे मोल फक्त लाकडाचं धरलं आहे. आणि खाली एक वेगळी ओळ: वास्तू ओढून अन्यत्र नेण्यास पूर्णपणे योग्य.

सव्वा कोटीचं घर मी स्वतः अठरा लाखांना लाकूड म्हणून विकलं. पोतं, बदकं, चेटक्या, कशाचाच काही संबंध नव्हता.

कोठारातच बसून राहणार होतो.

पण बाहेर आरडाओरडा ऐकू यायला लागला. घर फाटकापाशी अडकलं होतं. डावीकडे माझं सफरचंदाचं झाड, उजवीकडे विहिरीचा कठडा, आणि मधून जायला दोन्ही बाजूंना वीतभर जागा. आवेलिनो डावीकडे ओरडत होता, बैलवाले उजवीकडे, आणि घराचा स्वयंपाकघराचा कोपरा सरळ कठड्यावर चालला होता. बघवेना. इतक्या वाईट पद्धतीने कोणी काही चढवताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नोल्फा तोंडावर हात ठेवून उभी होती.

मी झेंडे आणले.

पुढे काय झालं ते मला पूर्ण आठवत नाही. मी फाटकात उभा होतो, पाठ समुद्राकडे, तोंड घराकडे. लाल. सगळे थांबले. डावी जोडी दोन पावलं मागे. हिरवा. हळू, हळू, हळू. लाल. उजवीकडे चार बोटं. दोनशे माणसं माझ्या हाताकडे बघत होती, अठ्ठावीस बैलही. घर झाडाला न लागता, कठड्याला न लागता, माझ्या नाकासमोरून बाहेर पडलं. लोकांनी टोप्या उडवल्या. माझी पाठ अजिबात दुखली नाही.

तीनला भरती. मी सांगितलेली वेळ मिनिटाने चुकली नाही. रिकाम्या पिंपांवर बांधलेलं घर पाण्यात उतरलं, डगमगलं आणि तरंगायला लागलं. तीन बोटींनी ओढायला घेतलं. मी पुढच्या बोटीवर उभा. कोणी मला चढ म्हणालं नव्हतं, उतरही म्हणालं नाही.


११ फेब्रुवारी, रविवार

पलीकडच्या किनाऱ्यावर पुन्हा बैल. घर जागेवर नेऊन बसवायचं होतं. मी नोल्फाला विचारलं, तोंड कुठे करू? ती म्हणाली, स्वयंपाकघर समुद्राकडे.

मी घर फिरवलं. पाऊण तास लागला. सव्वीस वर्षं मी भिंत फोडणार होतो, आणि शेवटी अख्खं घरच वळवावं लागलं. पण शब्द दिला होता तो पाळला, याची इथे नोंद करून ठेवतो.

नंतर जेवण. जो ओढतो त्याला घरमालकाने वाढायचं, हा नियम. डुक्कर, शिंपले, बटाट्याच्या थापट्या, सफरचंदाची दारू. मी रांगेत उभा राहिलो. नोल्फाने माझ्या ताटात इतरांइतकंच वाढलं, चमचाभरही जास्त नाही. कमीही नाही. म्हणाली, रोसामेल, तू नसतास तर कोपरा गेला असता. मी म्हटलं, मी परत घरी... आणि पुढे कुठलं घर म्हणावं ते सुचेना. ती म्हणाली, शेवटची फेरी सहाची आहे, गाठ.

मी फेरीवरच काम करतो. वेळापत्रक मला माहीत आहे. तरी सांगितलं तिने.


१३ फेब्रुवारी, मंगळवार

जागेवर बावीस खांब आहेत, एक पायरी आणि बदकांची पिसं. बदकं तिच्याकडे गेली. मी कोठारात. बटाट्यांच्या पोत्यांना टेकून बसलो की दारातून खाडी दिसते. पूर्वी मधे घर होतं म्हणून दिसत नसे.

सकाळी सातला पलीकडे चूल पेटली. आवेलिनोने चिमणी साफ केली असणार. धूर सरळ वर गेला, एका रेषेत, हवा असूनही.

दुपारच्या फेरीवर आवेलिनोने माझ्या हातात कागदात बांधलेलं काहीतरी ठेवलं. म्हणाला, ताईने दिलंय, म्हणाली, तुमचं काहीतरी आमच्याकडे राहून गेलं होतं. मी ट्रक सोडून आत जाऊन उघडलं. पोतं. धुऊन, वाळवून, चौकोनी घडी केलेलं.

रात्री ते अंगाखाली घातलं आहे. दोनदा धुतलेलं दिसतंय, पण वास गेला नाही. आमच्या स्वयंपाकघराचा येतो.